शिंपी पक्ष्याची मौजेची पिशवी

एका जंगलात उंबराच्या झाडावर एक शिंपी पक्षी राहत असे. हसू नका, बाळांनो, असा पक्षी खरंच असतो! मुठीत मावेल एवढा जीव, पण चोचीची सुई करून पानाला पान असं शिवतो, की वाऱ्याच्या बापालाही टाका उसवता येऊ नये. हा आमचा शिंपी बरीच वर्षं कावळ्याच्या दुकानात कामाला होता. टाके शिंप्याचे आणि नाव कावळ्याचं, असा तिथला कारभार. शेवटी एक दिवस तो वैतागला आणि म्हणाला, "कावळेशेठ, मी आता स्वतःचं दुकान काढतो."

"काढ की!" कावळा खो खो हसला. "चार दिवसांत येशील परत. अरे, पिशवीला तोंड कुठं ठेवायचं, हेसुद्धा मीच सांगतो तुला!"

हे साफ खोटं होतं. पण शिंप्याच्या मनाला ते लागलं.

त्या जंगलात सगळी देवघेव चिंचोक्यांची. शिंप्याने पोटाला चिमटा काढून एकशे वीस चिंचोके साठवले होते, तेवढंच त्याचं भांडवल. कोल्हा सावकार आपण होऊन दारी आला, "लागतील तेवढे घेऊन जा, आपल्यात कसला आलाय हिशेब!" म्हणाला. पण शिंपी शहाणा होता. त्याने कोल्ह्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. मग उंबराच्या फांदीवर दुकान मांडलं आणि शपथ घेतली, "दुकान पायावर उभं राहीपर्यंत एक चिंचोका मौजेवर उडवायचा नाही!"

आता त्याची मौज ती केवढी होती? दर बाजाराच्या दिवशी तो आणि त्याची मैत्रीण खार नदीकाठी जायचे. एक चिंचोका देऊन वेलीच्या पाळण्यावर झोके घ्यायचे, एक चिंचोका देऊन द्रोणभर रानमेवा खायचे, आणि मोर नाचला तर फुकटात बघायचे. झालं, एवढंच. पण शिंपी म्हणाला, "दोन चिंचोके म्हणजे कोळ्याकडचं एक लड सूत. मजा काय, नंतरही करता येते."

पहिल्या बाजाराला खार हाक मारायला आली. "नंतर," शिंपी म्हणाला. दुसऱ्या बाजाराला आली. "नंतर." सहाव्या बाजाराला तर त्याने मान वर न करताच चोच हलवली. खार बिचारी दर वेळी शेपटी खाली घालून परत जाई, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा येई. चिवट होती, दुसरं काय!

इकडे शिंप्याचं गाणं बंद झालं. पूर्वी टाका घालताना तो "टुवीट, टुवीट" करायचा, आता नुसता सुस्कारा टाकायचा. मुंगसाची पिशवी त्याने उलटी शिवली. तितराने एक साधा प्रश्न विचारला, तर त्याच्यावर खेकसला. आणि मग, कसं कोण जाणे, नशीब फळफळलं! वानरांची म्होरकी स्वतः आली आणि म्हणाली, "पाऊस तोंडावर आलाय, शिंपीदादा. आमच्या पोरांना बारा इरली हवीत. पौर्णिमेला देशील?"

इरलं म्हणजे पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, एका बाजूला तोंड असलेलं पानांचं पिशवीसारखं पांघरूण. बारा इरल्यांचे साठ चिंचोके मिळणार होते! शिंप्याने ढोलीत उरलेले सगळे चिंचोके सुतावर घातले. काम वेळेवर झालं तर दुकान तरणार होतं. नाही झालं तर पुन्हा कावळ्याची पायरी चढायची. तो दिवसरात्र शिवत सुटला. शिंपी आत बसूनच शिवतो, आधी कडा शिवतो, आणि तोंडाची जागा मोकळी ठेवून शेवटी तिथूनच बाहेर पडतो. सात इरली झाली. आठव्याला डोळे जडावले, मान लटलटू लागली, तरी चोच चालूच. शेवटचा टाका घातला, गाठ मारली, बाहेर पडायला वळला, आणि पाहतो तर काय? तोंडच नाही! इरल्याचं तोंड त्याने आतून शिवून टाकलं होतं, आणि स्वतः आत!

त्याने धडका मारल्या. चोच मारली. पण टाके त्याचेच होते, ते कशाला उसवतात? दमलेल्या अंगात जोरही उरला नव्हता. तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"काव! तोंड कुठं ठेवायचं, विसरलास वाटतं?" कावळा फांदीवर बसून मान वाकडी करून बघत होता. "एका चोचीत सोडवतो. फक्त म्हण, उद्यापासून तुमच्या दुकानात येतो. अर्ध्या मजुरीवर हं."

शिंप्याला रडू कोसळलं. सहा महिन्यांची मेहनत, एकशे वीस चिंचोके, सगळं त्या अंधाऱ्या पानात कोंडून पडलं होतं. 'हो' म्हणायला त्याने चोच उघडली सुद्धा. आणि तेवढ्यात खालून हाक आली.

"ए शिंप्या! आज बाजार आहे. येतोस का? नाहीच म्हणशील म्हणा, पण विचारलं आपलं!"

"खारे!" शिंपी आतून ओरडला. "मी आत अडकलोय गं!"

खार सरसर वर आली. दातांनी कराकरा सूत कुरतडलं. टाके तटातट तुटले, आणि पिसं विस्कटलेला शिंपी बाहेर पडला. कावळा "आम्हाला काय, आम्ही मदतच करत होतो," असं पुटपुटत उडून गेला.

खारीने शिंप्याकडे पाहिलं आणि तिला हसूच आवरेना. शिंपीही रडता रडता हसू लागला. किती दिवसांनी!

"चल नदीवर," खार म्हणाली.

"वेडी आहेस का? चार इरली नवी शिवायचीत, हे आठवं दुरुस्त करायचंय. आणि पौर्णिमेला चार दिवस राहिलेत!"

"आणि तू असाच शिवत बसलास, तर पौर्णिमेला वानरं तुलाच पांघरतील," खार म्हणाली. "जीव आहे तर दुकान आहे, बाबा."

शिंप्याकडे दोनच चिंचोके होते, उलट्या पिशवीचं मोल कापून मुंगसाने कालच दिलेले. ते घेऊन तो गेला. झोके घेतले, द्रोणभर करवंदं खाल्ली. मोर काही नाचला नाही. त्या रात्री शिंपी गाढ झोपला, आणि सकाळी उंबरावरून आवाज आला, "टुवीट, टुवीट!" चौथ्या दिवशी बाराच्या बारा इरली तयार होती, आणि प्रत्येकाला तोंड होतं.

साठ चिंचोके हाती पडले, तसा शिंपी हवेतच! "खारे, आज सगळ्या जंगलाला करवंदं माझ्याकडून! पाळणाच विकत घेऊ!"

"थांब रे बाबा," खार म्हणाली. "परवा तोंड शिवून बसला होतास. आता काय बूड उसवून टाकतोस?"

शिंपी चपापला. मग त्याने दोन पानांची एक छोटीशी पिशवी शिवली, तोंड मोकळं आणि बूड पक्कं. कमाई कितीही होवो, दर बाजाराला तिच्यात दोन चिंचोके आधी पडू लागले. सूत कमी पडलं तरी त्यांना हात लावायचा नाही, आणि जत्रा कितीही रंगली तरी ते संपले की घरी यायचं. एका जत्रेत पाळणेवाला म्हणाला, "अजून एक झोका घे, उधार!" शिंप्याने पिशवी उलटी करून दाखवली आणि गात गात घरी आला.

पुढच्या उन्हाळ्यात एक अस्वल त्याच्याकडे आलं. "दादा, मी मधाचं दुकान काढतोय. जमवलेलं सगळं त्यात घालणार आहे. मधाचे द्रोण ठेवायला मोठी झोळी शिवून दे."

"देतो की," शिंपी म्हणाला. पण झोळीच्या आधी त्याने एक छोटीशी पिशवी शिवली आणि अस्वलाच्या पंजावर ठेवली.

"ही कशाला? मी तर झोळी सांगितली होती."

"ही आधी भर," शिंपी म्हणाला. "आणि हिचे चिंचोके नकोत. बाजाराच्या दिवशी नदीवर ये, म्हणजे झालं."

तात्पर्य : स्वतःच्या कमाईवर धंदा उभा करताना मौजेचा लहानसा वाटा आधी बाजूला काढावा. तो ठेवलाच नाही तर जीव कोंडतो, आणि त्याला हद्द ठेवली नाही तर धंदा बुडतो.