डोळा नसलेला मोर

फोनला लाकडी कव्हर घालायची नवलाई होती, तेव्हाची गोष्ट. सावंतवाडीच्या हेमांगीताई तापलेल्या डागणीने अशा कव्हरांवर नक्षी काढत. पण डागणी आधी एका जुन्या फळकुटावर टेकवून आच बघायची, हा त्यांचा नेम होता.

डागणीला ते खपत नसे. "या काळ्याकुट्ट फळकुटाला मी रोज का शिवायचं?"

"तुझी चूक माझ्यावर होऊ दे, बाई," फळकूट म्हणे.

एकदा कव्हरावरच्या मोराचा डोळा तेवढा राहिला होता. हेमांगीताई डागणी फळकुटाकडे नेत होत्या, तोच ती हातातल्या हातात वळली आणि थेट मोरावर टेकली. चर्र झालं. डोळ्याच्या जागी भोक पडलं.

"माझाच हात चुकला," हेमांगीताई म्हणाल्या.

बिघडलेलं कव्हर फळकुटाशेजारी पडलं. दुसऱ्या सकाळी आच बघायला हेमांगीताईंनी डागणी त्या कव्हरावरच नेली. समोर तो मोर.

फळकूट हळूच म्हणालं, "तुला वळता येतं ना? मग इकडे वळ. त्याला अजून दुखतंय."