तळापासून झाकणापर्यंत

गडहिंग्लजला खानावळ चालवणाऱ्या हौसाक्कांनी पन्नाशीत वेल्डिंग शिकता शिकता जुन्या पिंपातून धुरावर मटण शिजवण्याची भट्टी घडवली आणि स्वनिर्मित अवजारांच्या स्पर्धेत मांडली. परीक्षक होते इंजिनिअर घारपुरे. आपल्याखेरीज कोणाला लोखंड कळते, हे त्यांना मान्यच नव्हते. झाकणावरचा रेषेसारखा सरळ सांधा पाहून ते गरजले, "हे उस्तादाचे काम आहे! खोटे बोलता, बाई? तुमचे नाव खोडतो!"

गर्दी कुजबुजू लागली. तीन महिने हात भाजून घेतलेल्या हौसाक्का सर्वांदेखत खोट्या ठरत होत्या. त्यांनी शांतपणे भट्टी आडवी केली.

"साहेब, जरा खालनं बघत वर या की."

तळाचा सांधा म्हणजे नुसते ओबडधोबड गोळे. एके ठिकाणी पत्रा जळून पडलेले भोक बुजवलेले. मधले सांधे नागमोडी, पण घट्ट.

"उस्ताद तळापासनं झाकणापर्यंत उस्तादच असतोय, साहेब. एकाच भट्टीत शिकत शिकत वर येतोय, तो नवशिकाच!"

घारपुऱ्यांचे बोट तळापासून हळूहळू वर सरकले आणि झाकणाशी थबकले. नाव खोडण्यासाठी उघडलेल्या लेखणीने त्यांनी तेच नाव पहिल्या क्रमांकावर लिहिले.