नऊ मिनिटांची कणीक

"आणि ही नऊ मिनिटं कुठून आणलीस?"

बुवांनी कागदावर बोट ठेवलं. शाल्मलीचं वेळापत्रक. चार रंगांच्या पेनांनी आखलेलं, घड्या घालून घालून फाटायला आलेलं.

शाल्मली अकरावीत. पण गणितात इतकी पुढे, की कॉलेजने तिला पदवीच्या वर्गात बसायची खास परवानगी दिलेली. शिवाय वक्तृत्व स्पर्धा, शिवाय एनसीसी, शिवाय आमच्या मठात नागेशबुवांकडे पखवाज. येत्या गुरुवारी सकाळी पदवीच्या गणिताची परीक्षा. त्याच संध्याकाळी मठाच्या उत्सवात भजनाला तिची साथ, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही बुवांच्या स्वतःच्या पखवाजावर.

मी ओट्यावर झांजा पुसत होतो. मध्ये तोंड घालायची मला खोड आहे. त्या दिवशी मात्र झांजाच पुसत राहिलो.

"आधी सगळं बसत नव्हतं, बुवा. नऊ मिनिटं कमी पडत होती. मग मी काढली कशीबशी." सांगताना मान जरा ताठ झाली. पाय मात्र सारखा हलत होता.

"मग आज कशाला आलीस? आज तुझा वार नाही."

"सर म्हणतात, पखवाज सोड. बाबा म्हणतात, पदवीचं गणित सोड, बारावी झाल्यावर कर. तुम्ही सांगा… काय सोडू?"

"सगळं बसतंय ना?"

"कागदावर बसतंय." आवाज एकदम खाली आला. "वर्गात फळ्याकडे बघते आणि बोटं बाकावर चौताल धरतात. परवाच्या चाचणीत दोन प्रश्न कोरे गेले. इथे येते, तर समेवर यायच्या वेळी नेमकं उदाहरण आठवतं. मी कुठेच धड नाही, बुवा. गुरुवारची भीती वाटते मला."

बुवांनी कोपऱ्यातल्या आपल्या पखवाजाची खोळ काढली आणि तो तिच्यापुढे ठेवला. महिनाभर ती याच्यावरच सराव करत होती.

"डावीकडे एक थाप मार."

मारली.

थप्प. ओल्या पोत्यावर हात पडावा तसा आवाज. माझी झांज हातातच राहिली.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्याशिवाय त्याचा आवाज भरत नाही. वाजवण्याआधी ताजी लावायची, वाजवून झालं की खरवडून काढायची. आमच्याकडे पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात, दुसरं काही नाही.

ही कणीक मागच्या वेळची होती. तिच्याखाली त्याआधीची. तिच्याखाली त्याच्याही आधीची.

"लावायला चार, काढायला पाच," बुवा म्हणाले. "हीच ना?"

"जुनीवरच जराशी थापून पाण्याचा हात फिरवत होते… मऊ व्हायची."

"काढ."

"आत्ता? बुवा, सव्वाचारला माझं लेक्चर…"

बुवांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

शाल्मली खरवडायला बसली. आंबूस वास सुटला. दगडासारखे पापुद्रे, नखांनी निघेनात. फोन थरथरला, तिने पाहिलं. पुन्हा थरथरला, तेव्हा पाहिलं नाही. सव्वाचार वाजून गेले. तिचा पाय कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही.

शेवटचा थर निघाला आणि खालचं कातडं दिसलं. वाळत्या कणकेने ओढून कडेला नखाएवढी चीर गेली होती.

तिला रडू फुटलं. खरं सांगतो, मला तिचा राग आला होता, पण तो तिथेच विरला.

"बुवा, हा तुमच्या गुरुजींचा…"

"हो."

"आता गुरुवारी?"

"गुरुवारी दुसरा आहे. याला नवं कातडं चढवून घेऊ."

"आणि… वाजवणार कोण?"

"तूच. दुसरं कोण?"

तिने ओल्या मनगटाने डोळे पुसले, दप्तर जवळ ओढलं. पण उठेना.

"मग मी सोडू काय? ते सांगितलंच नाहीत तुम्ही."

बुवांनी तिच्या दप्तरातून डोकावणारी गणिताची वही काढली. उघडू गेले, तर मधली दोन पानं उघडेनात. वाळलेल्या कणकेने एकमेकांना चिकटली होती.

बुवांनी ती फाटू न देता हळूहळू सोडवली. बराच वेळ लागला. मग वही तिच्या हातात दिली.

"वर्गात जाताना हात धुऊन जात जा."