बाबांच्या नावाचा फोन

"…पण बाबा, तुमचा फोन मी आधी कसा ठिवायचा?"

मठाच्या कार्यालयात बसून शेवंताबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. तळपायांवर फोड आले होते.

अचलनाथ बाबा गोंधळले.

"मी कधी केला तुला फोन?"

"काल की. भर दुपारी. रस्त्यात व्हते मी. हे बघा, तुमचंच नाव हाय."

त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर खरंच नाव होतं, अचलनाथ बाबा.

आमच्या मठाची एक रीत आहे. बाबांशी बोलायचं तर पायांत चप्पल ठेवायची नाही. शेवंताबाईंनी नाव पाहिलं, तापलेल्या डांबरी रस्त्यावर चपला काढून बाजूला ठेवल्या, डोक्यावर पदर घेतला आणि फोन कानाला लावला.

आतून रेकॉर्ड केलेला आवाज आला. रविवारी ग्रामसभेला या, मठाची टेकडी खडीवाल्याला द्यायची नाही. एवढं सांगून झालं की आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. बाबा फोन ठेवत नाहीत तोवर आपण कसा ठेवायचा, म्हणून बाई उन्हात उभ्याच राहिल्या.

"आवाज कुणाचा होता?" बाबांनी विचारलं.

"आपल्या विक्रांतचा. म्हटलं, बाबा मागनं बोलत्याल."

बाबांनी विक्रांतला बोलावून घेतलं.

हा विक्रांत कंपनीतली नोकरी सोडून शिष्य व्हायला आला होता. हुशारी सोडायची तेवढी राहून गेली होती. याच कार्यालयात त्याने नवी फोनयंत्रणा बसवली होती. इथून गेलेल्या फोनवर समोरच्याला कोणतं नाव दिसावं, हे तो संगणकावरून ठरवायचा.

"माझं नाव कोणी लावलं?"

"मी लावलं." त्याने मान खाली घातली नाही. "आधी 'मठ कार्यालय' असं दिसायचं. वर्गणी मागतील म्हणून लोक फोन उचलत नव्हते. तुमचं नाव लावलं आणि आता पहिल्या रिंगला उचलतात."

"हिचे पाय बघितलेस?"

विक्रांतने पाहिले. त्याचा चेहरा उतरला.

"चुकलं, मावशी. खरंच वाईट वाटलं," तो म्हणाला. मग पुन्हा ताठ झाला. "रेकॉर्डिंग एकदाच वाजेल असं करतो. पण नाव काढणार नाही. बाबा, रविवारी माणसं जमली नाहीत तर ठराव होईल आणि खडीची मशीन वर चढेल. टेकडी गेल्यावर मठ काय हवेत ठेवायचा? मी स्वतःसाठी काही मागितलंय का?"

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं आम्हालाही पटत होतं. टेकडी सगळ्यांनाच हवी होती. बाबांचा तर तिच्यावर जीव होता.

"टेकडी द्यायची नाही," बाबा म्हणाले.

"मग?"

"नाव बदल."

"आणि काय लावू? परत कार्यालय?"

"तुझं लाव."

विक्रांत हसला. "माझं नाव बघून कोण उचलणार?"

बाबांनी संगणकाकडे बोट केलं. विक्रांत तावातावाने संगणकासमोर जाऊन बसला, खाडखाड बटणं दाबून त्याने स्वतःचं नाव लावलं आणि मुद्दाम शेवंताबाईंनाच फोन केला.

त्यांच्या मांडीवरचा मोबाइल वाजला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग विक्रांतकडे पाहिलं, आणि फोन कट केला.

"बघितलंत?" विक्रांत ओरडला. "समोर बसून कट करतात!"

"करणार!" शेवंताबाईंचा आवाज त्याच्यापेक्षा चढला. "मी हितं बसलीया. तोंडानं बोल की."

"…रविवारी येणार का, मावशी?"

"येणार. पट्ट्या बांधून येणार. माझी शेरडं त्याच टेकडीवर चरत्यात, कुणाच्या बापाला देत न्हाई मी ती. पर हे काल घरला येऊन इचारलं असतंस तर च्या बी पाजला असता."

पण विक्रांतचा पीळ काही गेला नाही.

"एका मावशीचं झालं, बाबा. बाकीचे? माझं नाव बघून सगळे असेच कट करतील. रविवार तोंडावर आलाय. टेकडी गेली तर दोष कुणाचा?"

"चालत जा."

"कुठे?"

"घरोघर."

"या उन्हात?"

बाबा उठले. उंबऱ्यापाशी त्यांच्या चपला होत्या. येणारे-जाणारे त्यांवर कपाळ टेकवत. बाबांनी त्या हातांनी उचलल्या आणि विक्रांतच्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या.

विक्रांत मागे सरकला. शेवंताबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"घाल."

"बाबा, काहीतरीच काय! तुमच्या चपला मी कशा घालू?"

"घाल म्हणतो ना."

"नाही. माझी हिंमत नाही, बाबा. पाप आहे ते."

बाबा वाकले. चपला बोटांनी आणखी थोड्या पुढे सारल्या.

"नाव लावताना विचारलं होतंस?"