सायबिणीच्या इगर्जीला दार का नाही

बसा मंडळी, या चिऱ्यांवर टेका. जंगलातून एवढा चढ चढून आलात, आधी दम घ्या. समोर दिसतात त्या सगळ्या सह्याद्रीच्या रांगा. धुकं उतरलं की पलीकडची दरीही दिसेल. आणि मागे आहे ती आमची सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, इगर्ज. तुम्ही चर्च म्हणता, आम्ही इगर्ज म्हणतो. भिंती पाहिल्यात? हात पसरलात तरी जाडी हातात मावायची नाही. छप्पर धड आहे, घंटा धड आहे. फक्त दाराच्या जागी दार नाही. नुसती कमान. पावसाळ्यात आत पाणी शिरतं, उन्हाळ्यात पाचोळा शिरतो, कधी रानातला एखादा प्राणीही वेदीसमोर बसून जातो.

मघाशी तुमच्यातले हे साहेब म्हणाले, वर्गणी काढून चांगलं सागवानी दार बसवून देऊ. मनाने चांगले आहात, म्हणून रागावत नाही. पण हे वाक्य खाली कुमयाळ गावात बोलू नका. तिथल्या बायका ऐकून घ्यायच्या नाहीत. का, ते सांगतो. मी सांतान, माझा जन्म याच डोंगराच्या पायथ्याचा. आमच्याकडे ही हकीकत प्रत्येक घरात सांगतात, आणि शांतपणे कोणीच सांगत नाही.

फार पूर्वी, म्हणे, कुमयाळच्या दोन वाड्या होत्या. वरच्या वाडीत भाटकार, म्हणजे जमिनीचे मालक, आणि त्यांचे सोयरे. खालच्या वाडीत त्यांच्या शेतात राबणारे. प्रार्थनेला दोन्ही वाड्या एकत्र, पण खालच्यांनी मागे उभं राहायचं. डोंगरावर इगर्ज बांधायची ठरली तेव्हा चिरे डोक्यावरून वाहिले ते खालच्या वाडीने. याच वाटेने, जिथून येताना तुमचे बूट घसरत होते. आणि दार केलं ते खालच्या वाडीच्या पाश्कू सुताराने. जुन्या फणसाचं लाकूड, जाड फळ्या, आतून आडवा अडसर. पाश्कूची बायको रुजाय त्याच्या हाताखाली काम करायची. बिजागऱ्या बसवताना दार तिनेच पेलून धरलं होतं, असं सांगतात.

त्या काळी मुलखात लुटारूंच्या टोळ्या फिरत. कुठली टोळी, कोणाची माणसं, हे आता कोणी सांगत नाही. भात झोडून झालं होतं आणि कणग्या भरल्या होत्या. एके सकाळी पलीकडच्या गावातून धूर दिसला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की अशा वेळी डोंगर चढायचा आणि इगर्जीत शिरून अडसर लावायचा. त्या भिंतींना आणि त्या दाराला कोणी हात लावू शकलं नसतं.

वरची वाडी आधी पोचली. तिची घरं चढणीच्या तोंडाशी, आणि धुराची वर्दी तिलाच आधी मिळाली. मोठा भाटकार लिगोर याने गड्यांच्या पाठीवर भाताची पोती चढवली, पेट्या चढवल्या, तांब्याची भांडी चढवली. सगळं इगर्जीत रचलं. हे गडी खालच्या वाडीचे. त्यांच्या वाडीला वर्दी कोणी द्यायची? ती मालकाने दिली नाही. पोती उतरवून गडी आपापल्या माणसांना आणायला खाली धावले, तेव्हा खालच्या वाडीला कळलं.

ते लोक निघाले ते म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना घेऊन. रुजायच्या पाठीवर तिची सासू आनामाय होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. धापा टाकत सगळे वर आले, आणि दार बंद.

पाश्कूने दारावर मुठी मारल्या. "उघडा! आमी आसंव, गावचे!"

आतून लिगोर भाटकाराचा आवाज आला. "भितर जागा नाय. रानात जावा."

आता मला सांगा, आत भाटकार एकटा होता का? आख्खी वरची वाडी आत होती. बायका होत्या, जाणते होते, या लोकांच्या हातचं जेवलेले होते. भिंत कितीही जाड असली तरी बाहेर रडणारं मूल ऐकू येतं. त्यांनी ऐकलं. आणि अडसर काढायला एकही हात पुढे झाला नाही. आमची आजी हे सांगताना इथे थांबायची आणि थुंकायची. मी थुंकत नाही, पण मलाही इथे थांबावं लागतं.

कोणीतरी कुऱ्हाड काढली. पाश्कूने त्याचा हात धरला. "ह्यां दार माझ्या हातचां. ह्यां मोडूचां नाय," तो म्हणाला. मग पाठीवरच्या आईकडे बोट करून रुजायला म्हणाला, "तू आवशीक घेवन रानात जा. मी खिंडीत वाट अडवतंय."

येताना तुम्ही दोन कातळांमधून एकामागे एक आलात, तीच ती खिंड. पाश्कू आणि वाडीतले काही तरुण कोयते घेऊन तिथे उभे राहिले. वरून दगड लोटले. धुकं इतकं दाट होतं, म्हणे, की लुटारूंना समोर किती माणसं आहेत ते कळलं नाही. बराच वेळ झटापट चालली. शेवटी टोळी मागे फिरली. पण पाश्कूच्या छातीत भाला लागला होता. रुजाय सासूला करवंदीच्या जाळीत लपवून धावत आली, तोवर तो गेला होता.

टोळी गेल्याचं कळलं तेव्हा दार उघडलं. रुजाय आत गेली. तिने पाहिलं की वेदीपासून भिंतीपर्यंत पोती रचलेली होती. एकावर एक, नीट, कोरड्यात. तेवढ्या जागेत खालची वाडी सगळी मावली असती.

तिने कोणाची तरी पहार मागून घेतली आणि बिजागऱ्या उपटायला सुरुवात केली. कुठे जोर लावायचा हे तिला ठाऊक होतं. आधी सगळे नुसते बघत राहिले. मग खालच्या वाडीचे लोक पुढे आले आणि हातोहात दार खाली उतरवलं.

लिगोर भाटकार धावत आला. "काय करतस? देवाच्या घराचां दार आसा तां!"

रुजाय त्याला म्हणाली, "देव भायर होतो, आमच्यावांगडा. भितर तुमची पोती होती."

त्या दारावर पाश्कूला निजवलं आणि त्याच वाटेने खाली नेलं. फणसाच्या त्या फळ्यांसकट त्याला पुरलं.

भाटकाराने नवीन दार करायला सांगितलं. रुजाय वर आली आणि उंबऱ्यावर बसली. "मी जिती आसंय तवसर हय दार लागूचां नाय," ती म्हणाली, आणि तिथेच दिवस काढू लागली. वाडीच्या बायका आळीपाळीने पेज घेऊन यायच्या. सुतार यायचे, तिला बघायचे, काय झालं ते तिच्याकडून ऐकायचे आणि हत्यारं गोळा करून परत जायचे. काही लोक सांगतात की एकदा दार बसवलंही, पण सायबिणीच्या कृपेने ते आपोआप गळून पडलं. सायबिणीची कृपा मी नाकारत नाही. पण ते दार वाडीच्या बायकांनी पाडलं, असं माझी आजी म्हणायची, आणि मला तेच खरं वाटतं.

मग सायबिणीचं फेस्त, म्हणजे वर्षाचा सण, आलं. मिस, म्हणजे सणाची मोठी प्रार्थना, सांगायला पाद्री दूरच्या गावाहून आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की एक बाई वेडी झाली आहे आणि इगर्जीची वाट अडवून बसली आहे. तो कमानीपाशी आला, मागे वरची वाडी नवीन कपड्यांत उभी. रुजाय उठली आणि दोन्ही हात पसरून वाटेत आडवी उभी राहिली.

"बाये, मिसेची वेळ झाली," पाद्री म्हणाला. "माका आत जावक दी."

"मागे कोण रवलो आसा?" तिने विचारलं, म्हणजे मागे कोण राहिलं आहे.

पाद्रीला समजेना. तिने खालच्या वाटेकडे बोट केलं. आनामाय काठी टेकत, शेजारणीच्या खांद्याला धरून चढत होती. दर दोन पावलांवर थांबत होती. पाद्रीने लिगोरकडे पाहिलं, मग त्या म्हातारीकडे. काय झालं होतं ते तोवर लोकांनी त्याला सांगितलं असावं, कारण त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि कमानीबाहेर उन्हात उभा राहिला. पाद्री उभा, म्हणून सगळ्यांना उभं राहावं लागलं. आनामाय पोचली. रुजायने तिला सगळ्यांच्या आधी आत नेलं, वेदीपुढे भाटकाराच्या खुर्चीवर बसवलं, आणि मग बाजूला झाली.

पुढे कितीतरी वर्षांनी लिगोर भाटकार थकला. पोरं परगावी गेली, बायको वारली. तो एका फेस्ताला रुजायच्या पाया पडायला आला. लोकांना वाटलं, आता ती विरघळेल. तिने पाय मागे घेतले. "माफी देवाकडे मागा. माका माझो घोव दिया," ती म्हणाली. त्या दिवशी तो सगळे आत जाईपर्यंत बाहेर थांबला, आणि मरेपर्यंत दर फेस्ताला थांबत राहिला. रुजायने त्याला क्षमा केली असं सांगणारे लोक आहेत. खोटं सांगतात. तिने केली नाही, आणि तिने ती का करायला हवी होती, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

रुजाय गेल्यावर दार बसवता आलं असतं. तिचा शब्द तिच्या जिवापुरताच होता. पण मग वरच्या वाडीचेच लोक म्हणाले, नको.

आजही फेस्ताच्या दिवशी पाद्री कमानीबाहेर उभा राहतो. गावोगावचे लोक जंगलातून चढत येतात, आणि शेवटचं माणूस वर पोचल्याशिवाय मिस सुरू होत नाही. मध्ये एकदा एक बडे पाहुणे घड्याळ दाखवू लागले. वाडीच्या बायकांनी त्यांची खुर्ची उचलली आणि खिंडीपाशी नेऊन ठेवली. शेवटी येणारं माणूस घामाने भिजलेलं असतं, लाजलेलं असतं, उशीर झाला म्हणून कोणाची तरी क्षमा मागू पाहतं. त्याला कोणी बोलू देत नाही. सगळे वाट करून देतात आणि एकच विचारतात, "मागे कोण रवलो आसा?" त्याने मागे वळायचं, खिंडीपर्यंतची वाट नीट न्याहाळायची, आणि खरं काय ते सांगायचं. "कोण नाय," असं तो म्हणाला की मग त्याच्या मागून आम्ही सगळे आत जातो.