केशरी शाल आणि कसरीची साक्ष

एका राज्यात राजाच्या घराण्याला शाप होता: उगवत्या सूर्याला राजाच्या खांद्यावर केशरी शाल दिसली नाही, तर राजा दगड होईल आणि शाल परत खांद्यावर येईपर्यंत दगडच राहील. रात्री शाल लोकरीच्या कोठीत ठेवत. एका पहाटे ती तिथे नव्हती. सूर्य उगवला, राजा दगड झाला.

राजगुरू वाचस्पती म्हणाले, "शालीला कसर लागली. त्या तपकिरी पाखरांनी फस्त केली." म्हाताऱ्या दरबाऱ्यांनी माना डोलावल्या, तेवढंच त्यांना येत होतं. पावसाळा सरला, तसे गुरुजी म्हणाले, "उद्या गादीवर मी बसेन." पुन्हा माना डोलल्या.

राजकन्या कनकलेखेची मान हलली नाही. एका रात्रीत अख्खी शाल? आणि एक धागाही मागे नाही?

"पाखरांनाच विचारते," ती म्हणाली.

"विचार हो!" गुरुजी हसले. "गुरुकुल अर्ध्यावर टाकलेल्यांना दुसरं काय जमणार?"

ती कोठीत गेली. अंधाऱ्या कोपऱ्यात तांदळाएवढं तपकिरी पाखरू बसलं होतं.

"शाल तू खाल्लीस?"

"मला खायला तोंडच नाही. मी अंडी घालते आणि मरते. अंड्याला विचार."

अंडं म्हणालं, "ऊन न दाखवलेली लोकर, हेच माझं घर. खाणारी पुढची. अळीला विचार."

अळीनं कोषातून डोकं काढलं. "खातो ते आम्हीच. पण जे खातो, त्याचाच कोष विणून अंगावर वागवतो. पोट भरलं की भिंत चढून त्यातच निजतो, त्यातूनच पाखरू होऊन निघतो. बघ, घोंगडीचा काळा, कांबळ्याचा पांढरा. केशरी आहे एखादा?"

नव्हता.

राजकन्येनं प्रधानाच्या घराच्या भिंती पाहिल्या, कोष काळे. सेनापतीच्या पाहिल्या, पांढरे. गुरुजींच्या आसनामागे मात्र एक केशरी ठिपका सावकाश भिंत चढत होता.

"गुरुजी, उठा."

"वडीलधाऱ्यांना उठवतेस?"

"आपणहून कुठे उठता तुम्ही?"

आसनाखाली शाल निघाली, चाळण झालेली. चोरीच्या शालीला ऊन दाखवायची छाती कुणाची? गुरुजींची थाप गुरुजींच्याच बुडाखाली खरी होत होती.

शाल खांद्यावर पडताच राजा हलला. जिथे भोकं होती, तेवढे ठिपके मात्र दगडाचेच राहिले.

डोळे चोळत तो म्हणाला, "काय झालं? गुरुजींना विचारलंत का?"

"विचारलं, तात. ते खोटं बोलले. अळी खरं बोलली."

गुरुजी हद्दपार झाले. राजाच्या खांद्यावर शाल राहिली, आणि दरबारात मान डोलावण्याआधी लोक एकदा भिंतीकडे बघू लागले.

अळीनं खाल्लेलं अळीच्या अंगावर दिसलं, तसं ज्यानं त्यानं खाल्लेलं ज्याच्या त्याच्या अंगावर दिसो.