महाराजांच्या जिभेवरचा मेर्लो

“नको! माझ्या प्याल्यात मेर्लो नको!” हैबतराव महाराज गरजले आणि त्यांनी प्याला असा आपटला, की लाल वाईन पांढऱ्याशुभ्र मेजपोशावर पसरली.

आबदार दौलती फडकं घेऊन धावला. मोरवंडी संस्थानात महाराजांच्या पाण्यापासून मद्यापर्यंत सगळं सांभाळायचं काम त्याचं. फ्रान्सहून आलेली ही वाईन महाराजांना भलतीच आवडली होती. रोज जेवताना प्याला दिव्यासमोर धरायचा, गोल फिरवायचा, नाक खुपसून वास घ्यायचा आणि घोट तोंडात घोळवून डोळे मिटायचे. “अहाहा!”

आज मात्र पाहुणे आलेले फ्रेंच लुसियेंसाहेब कौतुकाच्या भरात बोलून गेले, “महाराज, ही एका द्राक्षाची करामत नाही, हा मिलाफ आहे. काबर्ने कडक, ताठ मानेचा. त्याला मऊ करतो तो मेर्लो!”

झालं! शेजारच्या संस्थानचे राजे म्हणजे महाराजांचे सख्खे मेव्हणे, पण दोघांतून विस्तव जात नसे. त्यांनी आपल्या बागेत मेर्लोचे वेल लावले होते आणि सोयऱ्याधायऱ्यांत ते त्याच्याच फुशारक्या मारत फिरत होते. मेव्हण्याचं लाडकं द्राक्ष आपल्या प्याल्यात? महाराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पण महाराज, दुधात विरघळलेली साखर कशी काढणार?” लुसियेंसाहेब चाचरत म्हणाले.

“ते आबदारानं बघावं! उद्या खान्याला हीच वाईन हवी, पण मेर्लोचा थेंब माझ्या जिभेला लागता कामा नये. लागला तर दौलती, बाडबिस्तरा उचलायचा आणि संस्थानाबाहेर व्हायचं!”

दौलती धडपडत आबदारखान्यात आला. त्याची लेक हौसा तिथे प्याले पुसत होती.

“पोरी, मेलो गं!”

“मेलो नाही आबा, मेर्लो. इथवर ऐकू आलं मला.”

“माझ्यासाठी दोन्ही एकच! फडक्यातून गाळून बघू का?”

“मेर्लो काय चोथा आहे, फडक्यात राहायला?”

दौलतीनं तरीही गाळून पाहिलं. फडकं तेवढं लाल झालं. मग तो बाटलीसमोर हात जोडून बसला. हौसाचा जीव तुटला. आईच्या माघारी बापानं तिला याच आबदारखान्यात लहानाची मोठी केली होती. आता म्हातारपणी कुणाच्या दारात उभा राहणार होता तो?

“आबा, हुकूम काय झाला? जसाच्या तसा सांगा बघू.”

दौलतीनं रडत रडत सांगितला. हौसा ऐकता ऐकता थांबली, तिनं तो पुन्हा एकदा म्हणवून घेतला आणि एकदम खुदकन हसली. “उद्या वाईन मी वाढते. तुम्ही फक्त तोंडातून अवाक्षर काढू नका!”

दुसऱ्या दिवशी खान्याला मानकऱ्यांची ही गर्दी! हौसानं महाराजांपुढे दोन प्याले ठेवले.

“सरकार, डाव्या प्याल्यात मेर्लो आहे, हे मी देवाशपथ सांगते. उजव्यातलं मी कोण सांगणार? महाराजांसारखी पारखी जीभ पंचक्रोशीत नाही. तिनंच निवाडा करावा.”

महाराज खुलले. त्यांनी डावा प्याला ओठाला लावला आणि तोंड वाकडं केलं. “शी! मेव्हण्यासारखाच बुळबुळीत!”

मग उजवा उचलला. फिरवला, हुंगला, घोट घोळवला. डोळे मिटले. “वाहवा! पिकल्या जांभळाचा रंग, जुन्या सागवानी पेटीचा वास, आणि मागून कशी मिरीसारखी चुणचुण! याला म्हणतात वाईन!”

“मेर्लो, सरकार?”

“मागमूस नाही!”

“थेंबसुद्धा लागला नाही जिभेला?”

“नाही म्हणजे नाही!”

“चूक तर होत नाही ना, सरकार?”

“माझी जीभ चुकली, तर या भरल्या पंगतीत मिशा उतरवीन!” महाराजांनी मिशीला पीळ भरला. “लुसियेंसाहेब, घ्या, तुम्हीही चाखून बघा!”

लुसियेंसाहेबांनी डाव्यातला घोट घेतला. उजव्यातला घेतला. पुन्हा डाव्यातला घेतला. आणि त्यांना असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं. “महाराज... दोन्ही एकच आहेत!”

पंगतीत कुजबुज सुरू झाली.

“पोरी!” महाराज ताडकन उठले. “माझी फसवणूक?”

“नाही सरकार. दोन्ही प्याले एकाच बाटलीतले आहेत. बाटलीतून मेर्लो काढणं माझ्या हाताला जमेना. पण बाटलीतून काढा, असा हुकूम होताच कुठे? जिभेला लागता कामा नये, एवढाच हुकूम होता. तो लागला नाही, हे सरकारांनीच सगळ्यांदेखत सांगितलं. आता लागला म्हणायचं असेल, तर...” हौसानं नजर खाली घातली. “तर न्हाव्याला बोलवावं लागेल.”

महाराजांचा हात आपोआप मिशीवर गेला. त्यांनी हौसाकडे पाहिलं, प्याल्यांकडे पाहिलं, तोंडावर रुमाल दाबून बसलेल्या लुसियेंसाहेबांकडे पाहिलं. आणि मग पोटातून असं काही हसू फुटलं, की ते मटकन खुर्चीत बसले.

“लागला नाही! अजिबात लागला नाही! ऐकलंत ना सगळ्यांनी?”

पंगतीत हशा उसळला. महाराजांनी डोळे पुसत मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि हौसाच्या हातात घातलं. दौलतीची आबदारी तर राहिलीच, शिवाय आबदारखान्याच्या किल्ल्या त्याच पंगतीत हौसाच्या कमरेला लागल्या.

“आता वाढ,” महाराज दोन्ही प्याले पुढे सरकवत म्हणाले. “डावाही भर आणि उजवाही भर!”